आठ पोरं, एक चूल

खिळा नाही, स्क्रू नाही. थोडे बांबू, सुतळीपेक्षा जरा जाड दोर आणि अकरा-बारा वर्षांची आठ पोरं. तासाभरात एवढ्या सामानातून भांडी ठेवायची मांडणी उभी राहते. बांबू वाढवून द्या, अर्धा दिवस द्या, तर वर चढून आजूबाजूचा मुलूख न्याहाळता येईल असं मचाण तयार. स्काऊटच्या शिबिरात याचं कुणाला फारसं कौतुकही नसतं. पण जरा थांबा. बांबू गुळगुळीत, दोर नुसता गुंडाळलेला, आणि वर माणूस उभा. मग तो दोर घसरत का नाही?

घर्षणामुळे, हे उत्तर शाळेतलं. खरी गंमत पुढे आहे. दोराचा एक पूर्ण वेढा दांडक्याला दिला की एका टोकाशी धरणाऱ्याचा जोर दुसऱ्या टोकाशी कित्येक पटींनी वाढून उभा राहतो. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला सुमारे साडेसहा पट. मग दोन वेढ्यांना तेरा पट? छे! साडेसहाची साडेसहा पट, म्हणजे त्रेचाळीसच्या आसपास. आणि तिसऱ्या वेढ्याला? सुमारे २८५ पट! एका बाजूला किलोभर ओढ धरा, दुसऱ्या बाजूला पावणेतीनशे किलोंची ओढ थोपवता येते, दोर तेवढा टिकला म्हणजे झालं. धक्क्यावरचा खलाशी खुंटाला दोन-तीन वेढे देऊन अख्खी बोट एका हाताने रोखतो, ती याच हिशेबावर. स्काऊट दोन बांबू आडवे-उभे बांधताना आधी क्लोव्ह हिच नावाची गाठ टाकतो, तीन वेढे देतो, मग बांबूंच्या मधून दोर फिरवून ते वेढे करकचून आवळतो. गुणाकाराचा हा जादूगार त्याच्या हाताखाली राबत असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता नदीवर चला. पलीकडचा काठ किती लांब आहे? पोहायचं नाही, टेप नाही. हाताचा पंजा कपाळाशी आडवा धरा, ऊन लागू नये म्हणून धरतो तसा. मान ताठ. पंजा हळूहळू खाली झुकवा, त्याची कड पलीकडच्या काठाला टेकलेली दिसेपर्यंत. आता मान न हलवता, पंजा न हलवता, पायांवर गर्रकन वळा. पंजाची कड तुमच्याच बाजूच्या जमिनीवर जिथे टेकलेली दिसेल ती जागा हेरा आणि तिथपर्यंत पावलं मोजत जा. झाली नदी मोजून! डोळ्यांची उंची तीच, नजरेचा कोन तोच, मग अंतर वेगळं कसं असेल? जमीन दोन्हीकडे सपाट हवी, एवढीच अट. त्रिकोणांची एकरूपता नववीत फळ्यावर भेटते तेव्हा ती किती रुक्ष वाटते, नाही?

पण शिबिराचा प्राण चुलीपाशी असतो. स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याने घातलेल्या मूळ परीक्षांत दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता उघड्यावर आग पेटवून दाखवायची अट होती. दोनच! ओंडक्याला काडी लावून पाहा, तो ढिम्म हलत नाही. कारण ज्वाळेत जळतं ते मुळी लाकूड नव्हेच. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ते पेट घेतात. ओंडका तापायला फार उष्णता लागते, गवताच्या काडीला जवळपास काहीच नाही. म्हणून आधी वाळलेलं गवत, मग काटक्या, मग बोटाएवढ्या फांद्या. घाई करणाऱ्याच्या दोन्ही काड्या फुकट जातात आणि वाऱ्याकडे पाठ करून बसलेला शांत पोरगा पहिल्याच काडीत चूल पेटवतो.

आणि भांडंच नसेल तर? कागदाच्या द्रोणात पाणी घालून तो निखाऱ्यांवर धरा. पाणी उकळतं, कागद जळत नाही! कागद पेटायला दोनशे अंशांहून बरंच जास्त तापमान लागतं आणि आत पाणी आहे तोवर ते त्याला शंभराच्या फार वर जाऊ देत नाही. पाण्याच्या रेषेवरची कड तेवढी करपते. बटाटा चिखलात लिंपून निखाऱ्यात पुरतात, कणकेचा गोळा काठीला गुंडाळून भाजतात. बिनभांड्याचा स्वयंपाक म्हणतात याला. रायगडकडच्या पोरांना यात नवल वाटणार नाही म्हणा. पोपटी या तिकडच्या पदार्थात, मडक्यात थेंबभर पाणी न घालता, भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगांच्या स्वतःच्या वाफेवर सगळं शिजतं, हे त्यांनी लहानपणापासून खाल्लेलं आहे.

इथवर सगळं पदार्थविज्ञान झालं. मला याहून मोठा चमत्कार वेगळाच वाटतो: अकरा वर्षांच्या पोराच्या हातात काडेपेटी आणि सुरी देऊन मोठी माणसं बाजूला कशी काय उभी राहिली? हे सुचलं कुणाला?

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअरांनी मॅफेकिंग गावाला वेढा घातला. तो २१७ दिवस चालला. आत ब्रिटिश सैन्य थोडं आणि त्याचा प्रमुख रॉबर्ट बेडन-पॉवेल. बंदूक चालवू शकणारा प्रत्येक माणूस तटावर हवा, म्हणून निरोप पोचवणं, मदतनीस म्हणून धावणं ही कामं गावातल्या पोरांच्या तुकडीवर सोपवली गेली. पोरांनी ती चोख केली. बेडन-पॉवेल इंग्लंडला परतला तो नायक होऊन, आणि पाहतो तर सैनिकांसाठी त्याने लिहिलेलं टेहळणीचं पुस्तक शाळकरी मुलं वाचत होती!

मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्राउनसी बेटावर एक प्रयोग केला. वीसेक मुलं. काही महागड्या निवासी शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथच्या कामकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही पोरं एका पंगतीला बसणं जवळपास अशक्य. त्याने ती मुद्दाम मिसळली आणि चार संघ केले: लांडगा, बैल, कर्ल्यू नावाचा पाणपक्षी आणि रेव्हन, म्हणजे डोमकावळा. प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा. हुकूम मोठ्यांचा नव्हे, त्याचा. सगळी स्काऊट चळवळ या एका युक्तीवर उभी आहे. गणवेश, शिट्ट्या, बिल्ले नंतरची सजावट.

संघ सहा ते आठ जणांचाच का? क्रिकेटमध्ये एखादा दिवसभर सीमारेषेवर उभा राहून वेळ काढू शकतो. आठ जणांच्या चुलीवर ते जमत नाही. एक पाणी आणणार, दोघं लाकडं, एक कांदे चिरणार, एक चूल सांभाळणार, एक तांदूळ निवडणार, आणि भांडी घासायची वेळ आली की कोण गायब झालंय हे मोजायलाही लागत नाही. प्रत्येक संघाची चूल वेगळी, म्हणून खिचडी करपली तर ती आपलीच करपली. शेजारच्या संघाकडून घासभर मागून आणायला नायकाला जी लाज वाटते, ती कुठल्याही सरांच्या ओरड्यापेक्षा भारी काम करते. चांगल्या स्काऊट मास्तरांची खरी कसोटी याच वेळी लागते. भात कच्चा आहे हे दिसतंय, आणि तोंड बंद ठेवायचं!

१९०८ च्या जानेवारीपासून बेडन-पॉवेलचं मुलांसाठीचं पुस्तक सहा भागांत, पंधरवड्याला एक, असं निघालं. पुढे जे झालं ते त्यालाही अपेक्षित नव्हतं. संघटना धड अस्तित्वात येण्याआधीच मुलांनी गल्लोगल्ली आपापले संघ काढले आणि मग तीच मुलं मोठी माणसं शोधत निघाली: आमचे मास्तर व्हाल का? १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा भरला तेव्हा मुलीही येऊन उभ्या राहिल्या, आम्हीही स्काऊटच आहोत म्हणत. पुढच्याच वर्षी गाईड सुरू झाल्या.

त्याच १९०९ मध्ये बंगळुरात भारतातलं पहिलं पथक निघालं. पण युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच. भारतीय पोरांना दार बंद! आता यातला विनोद पाहा. वस्तू क्षणभर बघून झाकायच्या आणि आठवून सांगायच्या, हा स्काऊटांचा लाडका खेळ किपलिंगच्या ‘किम’ या कादंबरीवरून आलेला. तो किम हे शिकतो सिमल्यात. १९१६ मध्ये धाकट्यांसाठी कब सुरू झाले, ते सगळे मोगलीच्या गोष्टीवर रचलेले. कबच्या प्रमुखाला आजही अकेला म्हणतात. आणि मोगलीचं रान कुठलं? सिवनीचं, नागपूरहून साधारण सव्वाशे किलोमीटरवरचं. इंग्लंडातली पोरं सिवनीच्या लांडग्यांसारखी ओरडत होती, आणि सिवनीच्या पोरांना सरकारमान्य संघटनेत जागा नव्हती.

ती जागा लोकांनी स्वतःच करून घेतली. १९१३ मध्ये मध्य प्रांतात विवियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी स्काऊटिंग सुरू केलं. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मद्रासेत ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथकं उभी केली. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये मुख्य प्रवाह एकत्र येऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स झालं, वर्षभरात मुलींची संघटनाही त्यात आली. पुण्यातलं संगम हे गाईडांचं जागतिक केंद्र १९६६ चं. जगात अशी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सेवा हा शब्द मालवीयांच्या संस्थेच्या नावातच होता, आणि कुंभमेळ्यात आजही स्काऊट-गाईड दिसतात: गर्दीला वाट करून देणारे, पाणी देणारे, चुकलेल्या म्हातारीचा हात धरून चौकीपर्यंत नेणारे. यासाठी वेगळं काय शिकवतात? काहीच नाही, आणि मला हेच फार आवडतं. मेळ्यात जखमी माणूस उचलायचा आहे, स्ट्रेचर नाही. दोन काठ्या घ्या. दोन शर्ट उलटे करा, बाह्या आत राहू द्या, बटणं लावा आणि काठ्या त्या बाह्यांतून ओवा. स्ट्रेचर तयार! गळ्यातला स्कार्फ सोडा, तो त्रिकोणी आहे. त्याचीच मोडलेल्या हाताला झोळी. तिला गाठ मारायची ती रीफ नॉट, कारण ती चपटी बसते, अंगाला टोचत नाही आणि सोडवायची झाली तर झटकन सुटते. खेळात मारलेली गाठ, मांडणी बांधताना वापरलेली काठी, ऐटीत घातलेला स्कार्फ. सामान तेच, फक्त माणूस बदलला.

महाराष्ट्रात याला आणखी एक फाटा फुटला: खरी कमाई. ब्रिटनमध्ये १९४९ पासून स्काऊट दारोदार जाऊन एक शिलिंग घेऊन काम करून द्यायचे, त्याच जातीची ही कल्पना. आपल्याकडे आधी शेजाऱ्यांची सायकल पुसणं, बागेला पाणी घालणं चालायचं. हल्ली बऱ्याच शाळांत तिची एक दिवसाची खाऊगल्ली झाली आहे. भेळ, वडापाव, सरबत. हे मला थोडं खटकतं. आईने पहाटे उठून केलेली थालीपीठं विकली, तर ती आईची खरी कमाई!

पण जिथे पोरं स्वतः कांदा चिरतात तिथे मजा येते. कुरमुरे किती आणायचे, दहा रुपयांच्या कागदी पुड्यात किती घालायचे, चिंचेच्या पाण्याचा खर्च धरायचा का, सुट्टे कुठून आणायचे? दुपारी गिऱ्हाईक ओसरतं आणि हिशेब सुरू होतो. जमा अमुक, खर्च तमुक, आणि मधले चाळीस रुपये लागेचनात. तेवढ्यात कुणाला तरी आठवतं की चार पुडे आपणच खाल्ले. ते खर्चात धरायचे की तोट्यात? नायक सरांकडे बघतो. सर खिडकीबाहेर बघतात. संघाची सभा बसते.