खाडाखोडीचे मोल

चौथीतील एखाद्या बालकाने ५०३ मधून २४८ वजा करून ३४५ असे उत्तर लिहिले, तर त्यावर तांबड्या शाईची फुली मारण्यास क्षणही लागत नाही. परंतु प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा असा एक नियम त्याने आपल्या मनाशी बांधला आहे, आणि मध्ये शून्य आले असता हातचा कोणाकडून घ्यावा हे त्याला अद्याप उमगलेले नाही, हा सारा तपशील त्याच पानावर लिहिलेला असतो. खोडलेला आकडा हा माझ्या मते विद्यार्थ्याच्या विचाराचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज होय.

हा दस्तऐवज संध्याकाळी दप्तरात बसून घरी जातो. सहानगड किल्ल्यामुळे ओळखले जाणारे, साकोली तालुक्यातील धानाच्या बांध्यांमधले सानगडी हे गाव घ्या किंवा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही, सर्वत्र हेच घडते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाल्यापासून प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरले आहे, आणि वह्या समोर नसताना त्या नोंदी बहुधा स्मरणावर विसंबून लिहाव्या लागतात.

येथे एक साधे वेबपृष्ठ उपयोगी पडते. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट यांत लिहिलेल्या त्या पृष्ठावर एक बटण असावे, ते दाबताच फोनचा कॅमेरा उघडावा, काढलेले कित्येक एमबींचे छायाचित्र ब्राउझरनेच दोन-तीनशे केबींपर्यंत आटोपशीर करावे, मात्र पेन्सिलीच्या फिक्या रेघा पुसल्या जाऊ नयेत, आणि नेटवर्क नसेल तर ते चित्र फोनमध्येच सुरक्षित राहावे, एवढी तजवीज पुरेशी आहे. जुलैतील वजाबाकी आणि डिसेंबरातील वजाबाकी शेजारी शेजारी दिसली, खाली एक ओळ लिहिण्यास जागा मिळाली, की नोंदीला पुरावा लाभतो. सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे मूळ तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, तेव्हापासून असे पृष्ठ रचण्यास कोणाचाही परवाना लागत नाही.

मग यंत्रानेच हस्ताक्षर वाचून गुण का देऊ नयेत, असा प्रश्न स्वाभाविकपणे येतो. देवनागरी हस्ताक्षरांचा जो एक प्रसिद्ध संग्रह नेपाळी संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यात ९२,००० चित्रे आहेत. पण ती ३६ व्यंजनचिन्हे आणि १० अंक यांचीच. त्यात स्वर नाहीत, काना-मात्रा नाहीत, आणि नेपाळीस ‘ळ’ची गरज नसल्यामुळे तोही नाही, म्हणजे केवळ त्यावर शिकलेल्या यंत्राला आमच्या मुलाने लिहिलेला ‘फळा’ वाचता येणार नाही. आजची यंत्रे याहून पुष्कळ पुढे गेली आहेत, हे खरे. तथापि स्वच्छ उत्तर उचलून खाडाखोड टाकून देणारे साधन वर्गाच्या उपयोगाचे नाही, असेच माझे मत आहे. वाचण्याचे काम शिक्षकाचेच राहावे. साधनाने पान जपावे.

वर्गाची साधने वर्गातच जन्मतात, याचा दाखला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेने दिला आहे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या साधनाने पुस्तकातील मजकूर मुलापर्यंत नेला. मुलाने लिहिलेले पान पुन्हा शिक्षकापर्यंत आणण्याचे काम अद्याप बाकी आहे.

एक खबरदारी मात्र अनिवार्य होय. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे बंधन घातले आहे. म्हणून पालकसभेत ती लेखी घ्यावी, चित्रावर नावाऐवजी हजेरी क्रमांक असावा, आणि वर्षअखेरीस चित्रे पुसून टाकावीत.

सानगडी परिसरातील ज्या शिक्षकांना संगणकात थोडीबहुत गती आहे, त्यांनी कोणत्याही हुकुमाची वाट न पाहता एका वर्गासाठी, केवळ वजाबाकीच्या पानांपुरते, असे पृष्ठ तयार करून शेजारच्या शाळेलाही द्यावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.