मोसमाबाहेरची सूट : परदेशातील कॅम्पसाईटचा मुक्काम खरोखर स्वस्त पडतो का?

कापडाच्या दुकानावर सेलची पाटी लागली की जाणते गिऱ्हाईक आधी एकच गोष्ट विचारते. माल मोसम संपला म्हणून स्वस्त लावला आहे, की डागी आहे म्हणून? पहिल्या कारणाने स्वस्त झालेला माल घेण्यात फायदा आहे. दुसऱ्या कारणाने स्वस्त झालेला माल फुकटातही महाग पडतो. परदेशातील मुक्कामावर मिळणाऱ्या ऑफ-सीझन सवलतीलाही हाच नियम लागू आहे.

बारामती-इंदापूरच्या वाचकांना हा विषय आज परका राहिलेला नाही. आपल्या भागातील मुले जर्मनी, आयर्लंड, हॉलंडकडे शिकायला आणि नोकरीला जातात. त्यांना भेटायला आई-वडील निघतात. मुलाच्या खोलीत पाहुण्यांना परवानगी नसते आणि हॉटेलचा भाव ऐकून माणूस गप्प होतो. मग कोणीतरी सांगतो, "कॅम्पसाईटवर राहा, कार्ड काढा, निम्म्या भावात काम होईल." हे निम्मे कोणत्या रकमेचे, ते मात्र सांगणारा सांगत नाही.

कॅम्पसाईट म्हणजे काय?

युरोपात कॅम्पसाईट म्हणजे आखून दिलेल्या जागांचे कुंपणातले मैदान. बऱ्याच जागांना वीज असते. न्हाणीघरे, संडास, कपडे धुण्याची सोय सामायिक असते. त्या जागेवर लोक आपला तंबू लावतात, किंवा राहण्याची सोय असलेली गाडी उभी करतात. बहुतेक ठिकाणी भाड्याच्या लाकडी खोल्या किंवा 'मोबाइल होम'ही असतात.

आपल्या शिंपी बांधवांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. ही हौस ज्याने लोकांना लावली, तो थॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी होता. हलक्या कापडाचा, सायकलवर बांधून नेता येईल असा तंबू त्याने तयार केला. 1901 मध्ये त्याने सायकलस्वारांची जी संघटना उभी केली, तीच आज इंग्लंडमधील मोठा 'कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब' आहे. त्याचे कॅम्पिंगवरचे पुस्तक 1908 मध्ये निघाले.

मंदी का येते, ते आधी पाहा

युरोपात कॅम्पसाईटचा तेजीचा काळ जुलै आणि ऑगस्ट. तिकडच्या शाळांना तेव्हा सुट्टी असते. एप्रिल ते जुलैचा पहिला आठवडा आणि पुढे सप्टेंबर हा मंदीचा काळ. ही मंदी हवा खराब असते म्हणून येत नाही, मुले शाळेत असतात म्हणून येते. जूनमध्ये दिवस मोठा असतो, सप्टेंबरात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर ऊबही असते. म्हणजे हा माल डागी नाही, फक्त गिऱ्हाईक कमी आहे. सूट घ्यावी तर अशी.

आता आखाताकडे पाहा. ओमानच्या वाळवंटातील तंबूंचे मुक्काम उन्हाळ्यात स्वस्त होतात, काही तर बंदच राहतात. कारण उघड आहे, ऊन सोसत नाही. त्याच ओमानमध्ये सलाला भागात जून ते सप्टेंबर पावसाळी हवा असते, डोंगर हिरवे होतात आणि तेव्हा तेथे तेजी असते. एकच देश, एकच महिना. एकीकडे सूट, दुसरीकडे गर्दी. म्हणून टक्केवारी पाहण्याआधी मंदीचे कारण पाहावे. उमराहच्या पॅकेजमध्ये रमजानचा भाव वेगळा आणि मोहरम-सफरचा वेगळा असतो, हे आपण जाणतोच. तेथेही स्वस्ताईचे कारण गर्दी कमी असणे हेच आहे.

त्यांची मंदी आणि आपली फुरसत

सवलत त्यांच्या मंदीत मिळते, पण दुकान आपल्याला आपल्या मंदीतच सोडता येते. दोन्ही कॅलेंडर शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

मे महिना त्यांचा स्वस्त. आपल्या मुलांनाही तेव्हा सुट्टी. पण कापडवाल्याची ती लगीनसराई असते. उसाचे पेमेंट हातात आलेले असते आणि गिऱ्हाईक दारात असते. मेमध्ये पंधरा दिवस दुकान नोकरावर सोडले तर सवलतीत वाचले त्याहून जास्त गल्ल्यात कमी पडेल.

आषाढात आपल्याकडे व्यापार मंद. पालखी बारामती-इंदापूरवरून पुढे गेली की बाजार शांत होतो. पण तोवर जुलै उजाडतो आणि तिकडचे दर चढतात. जूनचा दुसरा पंधरवडा तेवढा हाती लागतो आणि नेमकी तेव्हाच आपल्या शाळा उघडतात.

तिसरी वेळ सप्टेंबरची. पितृपक्षात हिंदू गिऱ्हाईक नवीन कपडा घेत नाही, नवरात्रापर्यंत कापडबाजार थंड असतो. तिकडे याच सुमारास सवलत पुन्हा सुरू झालेली असते. ज्यांची मुले मोठी झाली आहेत अशा नवरा-बायकोंसाठी हा काळ सर्वांत सोयीचा. शाळकरी मुलांचे कुटुंब असेल तर मात्र मेशिवाय इलाज नाही.

आपल्या वाचकांना आणखी एक हिशोब ठेवावा लागतो. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. 2025 मध्ये ती 31 मार्चला झाली, तर 2030 मध्ये रमजान वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीला असा दोनदा सुरू होईल. म्हणून ईदची विक्री आणि बकरी ईद कोणत्या महिन्यात येते, ते पाहूनच तारीख धरावी. गेल्या वर्षी जमली ती तारीख पुढच्या वर्षी जमेलच असे नाही.

सवलतीचे तीन प्रकार

पहिला प्रकार कार्डाचा. हॉलंडची 'एसीएसआय' ही 1965 मध्ये सुरू झालेली संस्था दर वर्षाचे सवलत-कार्ड विकते. युरोपातील सुमारे 3,000 कॅम्पसाईट ते मोसमाबाहेर स्वीकारतात. कार्डाची किंमत किरकोळ. मुक्कामाचे पैसे तेथे गेल्यावर, ठरलेल्या दराने द्यायचे. दरात जागा, दोन मोठी माणसे आणि ठराविक मर्यादेपर्यंत वीज धरलेली असते. काही ठिकाणी सात रात्री राहिल्यास सहाचेच पैसे घेतात. कार्ड त्या एका कॅलेंडर वर्षापुरते चालते.

दुसरा प्रकार आगाऊ कुपनांचा. 'कॅम्पिंग चेक' नावाची योजना या पद्धतीची आहे. एक चेक म्हणजे एका जागेवर दोन माणसांची एक रात्र. चेक आधी विकत घ्यायचे आणि मुदतीत वापरायचे.

तिसरा प्रकार सभासदत्वाचा. इंग्लंडच्या वर सांगितलेल्या क्लबची वार्षिक वर्गणी भरली की त्यांच्या कॅम्पसाईटवर दर कमी लागतो. 55 वर्षांवरील सभासदांना मोसमाबाहेर वेगळी सवलत आहे. इंग्लंडचा व्हिसा मात्र युरोपच्या शेंगेन व्हिसाहून निराळा, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे सभासदत्वाचा मोठा भाऊ म्हणजे टाइमशेअर. 1996 पासून चालत आलेल्या 'क्लब महिंद्रा'चे पंचवीस वर्षांचे सभासदत्व पर्पल, रेड, व्हाईट आणि ब्लू अशा मोसमांत विभागलेले आहे. ब्लू सर्वांत स्वस्त, कारण त्यात मंदीचे दिवस मिळतात. वार्षिक देखभाल फी वेगळी असते. पंचवीस वर्षे मंदीच्या दिवसांतच फुरसत मिळेल अशी ज्याला खात्री आहे, त्यानेच स्वस्त रंग घ्यावा.

कागद-पेन्सिल घेऊन

आता हिशोब करू. दर समजण्यापुरते धरले आहेत आणि युरो सोयीसाठी 100 रुपयांचा मानला आहे. कुटुंब पाच जणांचे, चौदा रात्री.

समजा साधा दर रात्रीला 34 युरो, कार्डाचा 21 युरो. तीन मुलांचे जादा पैसे दोन्हीकडे सारखेच, म्हणून सोडून देऊ. रात्रीला 13 युरो वाचले, चौदा रात्रींचे 182. कार्डाचे 15 वजा केले तर निव्वळ बचत 167 युरो, म्हणजे 16,700 रुपये.

समजा चेक 20 युरोला मिळतो. दिसायला तो कार्डाहून एक युरो स्वस्त. पण वीस चेकचा गठ्ठा घेतला आणि चौदाच वापरले, तर 400 युरो चौदा रात्रींवर पडले. रात्र 28 युरो 57 सेंटला गेली. उरलेले सहा चेक मुदतीत वापरायला पुन्हा कोण जाणार? थानातला उरलेला तुकडा विकला गेला नाही तर तो नफ्यातूनच जातो, तसेच हे आहे.

आता व्हिसा. जून 2024 पासून शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलाला 45 युरो आहे. आई, वडील, चौदा वर्षांचा मुलगा आणि दहा व आठ वर्षांच्या दोन मुली धरल्या तर 360 युरो झाले. केंद्राचा सेवा आकार आणि 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा वेगळा. म्हणजे कार्डाने वाचवलेली रक्कम व्हिसाच्या फीच्या निम्मीही नाही. विमानाचे भाडे तर अजून धरलेलेच नाही.

यातून निघते ते एवढेच. ज्याला मुलाला भेटायला किंवा मालाच्या कामासाठी जायचेच आहे, त्याच्यासाठी ही सूट खरी बचत आहे. सूट आहे म्हणून जायचे ठरवणाऱ्यासाठी तो नवा खर्च आहे.

सुटीत काय धरलेले नसते

सर्वांत मोठी गफलत येथे होते. कार्ड आणि चेकचा मुख्य दर हा जागेचा आहे, छपराचा नाही. तंबू किंवा गाडी आपली पाहिजे. बारामतीहून जाणाऱ्याकडे दोन्ही नसतात. मोबाइल होम भाड्याने घेतले तर त्याचा दर निराळा आणि बहुधा कार्डाची सूट त्याला लागत नाही. गाडी भाड्याने घेतली तर तिचे दिवसाचे भाडे जागेच्या दराच्या कितीतरी पट असते. शिवाय बऱ्याच कॅम्पसाईट गावाबाहेर आहेत. स्वतः गाडी चालवायची तर निघण्याआधी बारामतीच्या आरटीओतून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा.

स्थानिक पर्यटन कर वेगळा लागतो. मे-जूनमध्ये ख्रिस्ती सणांच्या जोडसुट्ट्या येतात, त्या दिवसांत अनेक ठिकाणी सवलत बंद असते. मंदीत दुकान, उपाहारगृह, पोहण्याचा तलाव बंद असू शकतो. आणि व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. नुसते सवलत-कार्ड हा पुरावा नव्हे. जागा राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे लागते आणि त्याचा आकार काही ठिकाणी निराळा असतो.

स्वयंपाकाची सोय हा आपल्या लोकांसाठी मोठा फायदा. हलाल जेवणाचा प्रश्न आपल्या हाताने सुटतो आणि पाच माणसांचे हॉटेलचे बिल वाचते. मसाला, डाळ, तांदूळ न्यावेत. पण मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेण्यास प्रवाशांना बंदी आहे. त्यात तूपही आले. गॅसची टाकी विमानात चालत नाही, तेथेच घ्यावी लागते. आणि घरातून एक प्लास्टिकचा बदना बरोबर घ्यावा. तिकडच्या संडासात पाण्याची सोय नसते.

आगाऊ पैशाची जोखीम

व्यापारात आपण आगाऊ रक्कम देताना पार्टी पाहतो. येथेही पाहावी. ब्रिटनची थॉमस कुक ही 178 वर्षे जुनी कंपनी 23 सप्टेंबर 2019 रोजी बंद पडली, तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. तेथील सरकारी संरक्षणामुळे त्यांना परत आणले गेले. आपल्याकडे जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली. तिकीटवाले पैशासाठी फिरत राहिले. मोठे नाव म्हणजे हमी नव्हे.

कार्डात गुंतलेली रक्कम थोडी, म्हणून जोखीम थोडी. चेकमध्ये सगळ्या रात्रींचे पैसे अडकतात. टाइमशेअरमध्ये तर पंचवीस वर्षांचा विश्वास अडकतो. व्हिसा नाकारला गेला तर काय परत मिळेल, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावे. इथल्या एजंटाकडून घेतले तर पक्के बिल घ्यावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडेच तक्रार करता येते. परदेशी कंपनीला घरबसल्या पैसे पाठवले तर हा आधार कागदावरच राहतो.

आपल्या दारातला मोसम

हीच विद्या विकणाऱ्याच्या बाजूनेही उपयोगी आहे. बारामती तालुक्यात पळशीवाडीला 2005 मध्ये पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन सुरू केले. इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे पाहुणे येतात. पाणी भरले की पक्षी जातात, खोल्या रिकाम्या राहतात. ज्यांचा असा व्यवसाय आहे, त्यांनी युरोपवाल्यांची एक गोष्ट उचलावी. त्यांच्या योजनेत तारखा आधी छापलेल्या असतात, दरात काय आहे आणि काय नाही ते लिहिलेले असते. "पन्नास टक्के सूट" एवढीच पाटी लावून मग जेवण, नाव आणि गाडीतळाचे पैसे निराळे मागितले, तर पाहुणा पुन्हा येत नाही.

घेणाऱ्याने मात्र चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत. मंदी कशामुळे आहे? ते दिवस माझ्या धंद्याला सोसतील का? दरात छप्पर धरले आहे की नुसती जागा? आणि गेलो नाही तर किती परत मिळेल? चारही उत्तरे कागदावर मिळाली तर सौदा करावा. एकाही उत्तरात टाळाटाळ झाली तर तो थान परत फडताळात ठेवावा.