केंद्रीभूत प्रवेशपद्धति आणि शेतकरी पालक

मृगाच्या पेरण्या आणि मुलांचे कॉलेजप्रवेश हीं दोन्ही कामें एकाच सुमारास अंगावर येतात. पैकीं पेरणीचें काम आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों. वाफसा कधीं येतो आणि तिफण कधीं धरावी हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. प्रवेशाचें काम मात्र नवें आहे, आणि त्याची रीत नीट न समजल्यामुळें हुशार मुलाचेंही नुकसान होतें. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करून पुष्कळ वर्षें दाखल्यांचे अर्ज हाताळले आहेत, आणि आपल्याच घरांतील एका मुलाचें नुकसानही केलें आहे. या दोन्ही अनुभवांच्या आधारें चार गोष्टी येथें मांडण्याचें योजिलें आहे.

ही पद्धति म्हणजे काय?

पूर्वीं प्रत्येक कॉलेजांत निराळा अर्ज द्यावा लागे. ज्याची ओळख असेल किंवा ज्यास दहा ठिकाणीं खेपा घालण्याची ऐपत असेल त्याचें साधे, इतरांचें राहून जाई. केंद्रीभूत पद्धतींत विद्यार्थी एकच अर्ज करितो, आपणांस हवीं असलेलीं कॉलेजें क्रमवार लिहितो, आणि सर्व जागांचें वाटप एकाच ठिकाणीं गुणानुक्रमें होतें. मुंबईंत अकरावीचे प्रवेश 2009 पासून या रीतीनें होऊं लागले, आणि 2025-26 या वर्षीं ती सबंध महाराष्ट्रास लागू झाली. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषि इत्यादि पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. व्यावसायिक शिक्षणाचे प्रवेश व फी यांसंबंधीं 2015 सालीं राज्यानें कायदा केला, त्यांतूनच ही व्यवस्था उभी राहिली. तपशील अभ्यासक्रमागणिक थोडे बदलतात. म्हणून या लेखांत उदाहरणादाखल अभियांत्रिकीचा प्रवेश घेतला आहे.

प्रथम एका शब्दाविषयीं. प्रवेशपरीक्षेचा निकाल ‘पर्सेंटाइल’ या मानानें लागतो, आणि पुष्कळ पालक त्यास शेंकडा गुण समजतात. हा मोठा गैरसमज आहे. 90 पर्सेंटाइल म्हणजे 100 पैकीं 90 गुण नव्हेत. त्या सत्रांत परीक्षा दिलेल्या दर शंभर मुलांपैकीं नव्वदांचे गुण याच्याइतके किंवा याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि एका सत्राची प्रश्नपत्रिका दुसऱ्याहून कठीण असूं शकते, म्हणून हें मान वापरितात. त्यावरून राज्याची गुणवत्ता यादी तयार होते. त्या यादींतील क्रमांक हाच खरा, पुढचें सर्व त्यावर चालतें.

वाटप कसें होतें?

आतां मुख्य मुद्दा. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ या दोन कॉलेजांत एकएकच जागा आहे, आणि यादींत तीन विद्यार्थी आहेत. पहिल्यानें व दुसऱ्यानें प्रथम ‘अ’ व नंतर ‘ब’ लिहिलें आहे. तिसऱ्यानें मात्र ‘ब’ हेंच पहिलें लिहिलें आहे. संगणक यादीच्या माथ्यापासून खालीं येतो. पहिल्या विद्यार्थ्यास ‘अ’ मिळालें. दुसऱ्याची पाळी आली तेव्हां ‘अ’ भरलेलें होतें, म्हणून त्याची दुसरी पसंती पाहिली. ‘ब’ मोकळें होतें, तें त्यास दिलें. तिसऱ्यास कांहींच उरलें नाहीं. तिसऱ्यानें ‘ब’ पहिलें लिहिलें होतें आणि दुसऱ्यानें तें दुसरें लिहिलें होतें, तरीही जागा दुसऱ्यासच मिळाली.

वाचकांनीं हें उदाहरण पुन्हां एकदां वाचावें, कारण साऱ्या पद्धतीचें मर्म त्यांत आहे. कॉलेज कितव्या क्रमांकावर लिहिलें यावरून हक्क ठरत नाहीं. हक्क ठरतो गुणवत्ता यादींतील क्रमांकावरून. पसंतिक्रम इतकेंच सांगतो कीं, आपली पाळी येईल तेव्हां प्रथम कोठें पाहावें. मोठें कॉलेज वर लिहिलें आणि तें मिळालें नाहीं, तर खालच्या कॉलेजावरील आपला हक्क तिळभरही कमी होत नाहीं. उलट, हवें तें कॉलेज खालीं लिहिलें तर तें हातचें जाऊं शकतें.

लेखकाची चूक

हें मला 2023 सालीं ठाऊक असतें तर बरें झालें असतें. माझे वडील बंधु शेती करितात. त्यांचा धाकटा मुलगा त्या वर्षीं अभियांत्रिकीस बसला होता. बंधूंनीं कागदांची पिशवी माझ्यापुढें ठेवली आणि म्हणाले, “तूं कचेरींत जन्म घालविलास, तुला कळतें तसें कर.” मुलाला दूरच्या शहरांतील एक सरकारी कॉलेज मनापासून हवें होतें. मीं मागील वर्षाचे आंकडे पाहून ठरविलें कीं, तें मिळणें कठीण. म्हणून तालुक्याजवळचें खासगी कॉलेज पहिलें लिहिलें, म्हणजे त्यावर आपला हक्क पक्का होईल. सरकारी कॉलेज दुसरें लिहिलें, मिळालें तर मिळालें. मुलगा म्हणाला, “काका, मला तें पहिलें लिहायचें आहे.” मीं त्यास गप्प बसविलें.

पहिल्या फेरीचा निकाल लागला. जवळचें खासगी कॉलेज मिळालें आणि मीं पेढे आणविले. दोन दिवसांनीं मुलानें सरकारी कॉलेजाची यादी दाखविली. त्याच शाखेंत, त्याच प्रवर्गांत, त्याच्याहून खालच्या क्रमांकाच्या मुलांस तेथें जागा मिळाल्या होत्या. आम्हांस मात्र परत फिरतां येईना. कारण पहिली पसंती मिळाली कीं ती जागा आपोआप कायम धरली जाते आणि पुढील फेऱ्यांत नांव राहत नाहीं. फीच्या फरकापायीं बंधूंनीं दोन दुभत्या म्हशी विकल्या. ते मला आजवर एका शब्दानें बोलले नाहींत, हेंच मला अधिक लागतें. चूक संगणकाची नव्हती व मुलाचीही नव्हती. ज्यानें रीत न वाचतां शहाणपण केलें त्याची होती.

तेव्हां नियम असा धरावा : मुलाच्या मनांत जो क्रम आहे तोच क्रम लिहावा. मागील वर्षाचे आंकडे दर वर्षीं बदलतात. त्यांचा उपयोग यादी खालच्या बाजूस कोठवर न्यावी हें ठरविण्यासाठीं करावा, माथा खालीं आणण्यासाठीं करूं नये. धोका वरच्या उंच नांवांत नसून आखूड यादींत आहे. पांचसात नांवें लिहून थांबल्यास, पुढें जागा मोकळ्या असूनही आपली पाळी रिकामी जाते. मात्र ज्या कॉलेजांत मूल पाठविणारच नाहीं, त्याचें नांव यादींत घालूं नये.

फेऱ्या आणि निर्णय

2025-26 सालीं अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या ठेवण्यांत आल्या. पहिल्या फेरींत पहिली पसंती मिळाल्यास ती बंधनकारक. दुसरींत पहिल्या तिहींपैकीं कोणतीही, तिसरींत पहिल्या सहांपैकीं कोणतीही मिळाल्यास ती बंधनकारक. आणि चौथ्या फेरींत जें मिळेल तें अखेरचें. यावरून उघड आहे कीं, यादींतील पहिलीं सहा नांवें घरांतील सर्वांनीं बसून, फी, वसतिगृह व प्रवास यांचा हिशेब करून ठरविलीं पाहिजेत.

बंधन लागू होत नसेल अशी जागा मिळाल्यास दोन वाटा असतात. तीच कायम करावी, यास ‘फ्रीझ’ म्हणतात. किंवा ती स्वीकारून वरच्या पसंतीची वाट पाहावी, यास ‘बेटरमेंट’ म्हणतात. दुसऱ्या वाटेनें गेल्यास हातची जागा लगेच जात नाहीं. वरची मिळाली तरच खालची आपोआप सुटते. परंतु दोहोंपैकीं कांहींच न करितां मुदत जाऊं दिली तर मिळालेली जागा जाते. शेताच्या कामांत तारीख विसरली हें कारण कोणी ऐकत नाहीं. यास्तव वेळापत्रक मिळतांच तें भिंतीवर लावावें. अर्ज सेतु केंद्रांत किंवा सायबर कॅफेंत भरावयाचा असला तरी मूल स्वतः समोर बसावें, यादीची छापील प्रत घ्यावी, आणि सांकेतिक शब्द परक्याच्या हातीं देऊं नये.

कागदांची तयारी

आतां ज्या विषयांत माझें वय गेलें त्याविषयीं. गुण असून कागदावांचून जागा गेलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत, आणि जूनच्या गर्दींत कचेरीच्या पायरीवर रात्र काढणारे पालकही पाहिले आहेत.

वय व अधिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो; जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून. राखीव प्रवर्गासाठीं केवळ जातीचा दाखला पुरत नाहीं. पडताळणी समितीचें वैधता प्रमाणपत्रही लागतें. 2000 सालच्या कायद्यान्वयें ही पडताळणी होते. समिती जुना पुरावा मागते : अनुसूचित जातींसाठीं 10 ऑगस्ट 1950 पूर्वींचा, विमुक्त जाति व भटक्या जमातींसाठीं 21 नोव्हेंबर 1961 पूर्वींचा, आणि इतर मागासवर्गासाठीं 13 ऑक्टोबर 1967 पूर्वींचा. तो पुरावा आजोबापणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहींत, कोतवाल बुकाच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत किंवा जुन्या फेरफारांत सांपडतो. त्या नकला काढण्यास व वंशावळ जुळविण्यास वेळ लागतो. म्हणून हा अर्ज मूल अकरावींत असतांनाच करावा. अर्जाच्या पावतीवर तात्पुरती सवलत कांहीं वर्षीं मिळाली आहे, परंतु तिच्यावर भिस्त ठेवूं नये. मुदतींत प्रमाणपत्र न आल्यास मुलाची गणना खुल्या प्रवर्गांत होते आणि राखीव जागा जाते.

इतर मागासवर्ग, विमुक्त जाति व भटक्या जमाति, आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग यांस नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रही लागतें. त्यावरील मुदतीची तारीख अवश्य पाहावी. 2025-26 च्या प्रवेशास तें 31 मार्च 2026 पर्यंत वैध असावें अशी अट होती. तसेंच केंद्राच्या संस्थांसाठीं लागणाऱ्या प्रमाणपत्राचा नमुना राज्याच्या नमुन्याहून निराळा असतो. एकाच्या जागीं दुसरें चालत नाहीं.

सर्वांत क्षुल्लक दिसणारी आणि सर्वांत अधिक अडविणारी बाब नांवाची. शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’, आधारपत्रावर ‘ज्ञानोबा’, आणि सातबाऱ्यावर बापाचें तिसरेंच नांव, असें पुष्कळ घरीं असतें. ही दुरुस्ती प्रवेशाच्या आठवड्यांत होत नाहीं.

फीची सवलत

पुष्कळ पालक कंटाळून म्हणतात, “हा खटाटोप कशास? कॉलेजच्या स्वतःच्या जागेवर पैसे भरून मोकळें व्हावें.” असें करण्यापूर्वीं हिशेब मांडावा. राजर्षि शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजनेंत वार्षिक आठ लाख रुपयांच्या आंतील उत्पन्नाच्या कुटुंबास शिक्षणशुल्कांत निम्मी सवलत मिळते, पण प्रवेश केंद्रीभूत पद्धतीनें झालेला असेल तरच. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील याच उत्पन्नमर्यादेच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क पूर्ण माफ झालें आहे. तेथेंही हीच अट आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवें वसतिगृह निर्वाहभत्त्याची योजना आहे. संस्थेच्या जागेवर गेलेल्या मुलास या फीसवलतींचें दार बंद होतें, आणि तो बोजा पदवी होईपर्यंत दर वर्षीं घरावर पडतो.

समारोप

नियम दर वर्षीं थोडेफार बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावी आणि आपण ऐकावी. हा लेख त्या पुस्तिकेच्या जागीं नाहीं. परंतु दोन गोष्टी सहसा बदलत नाहींत. कागद वेळेवर तयार असले पाहिजेत, आणि क्रम मनांतला असला पाहिजे. कागदांचें काम पालकाचें आहे. तें रबीच्या राखणींतून सवड मिळेल तेव्हां हातीं घ्यावें, मृगाची वाट पाहूं नये. क्रमाचें काम मुलाचें आहे. तेथें आपण हिशेब सांगावा, सल्ला द्यावा, पण लेखणी त्याच्या हातीं असूं द्यावी. माझ्या पुतण्याच्या हातांतली लेखणी मीं काढून घेतली होती. ती चूक वाचकांपैकीं कोणाच्या घरीं पुन्हां न घडो, एवढ्याच हेतूनें हें लिहिलें.