तोफेचा नांगर झाला, त्या कुळाची कथा
खंडेनवमी आणि विजयादशमीच्या निमित्ताने

आश्विन शुद्ध नवमी उजाडली की पेठ वडगावच्या बाजारपेठेत पहाटेपासूनच सडे पडू लागतात. दुकानांच्या चौकटींवर झेंडूची तोरणे चढतात. वाण्याचा तराजू, शिंप्याची कातर, लोहाराची ऐरण, सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा नांगर आणि आता ट्रॅक्टरही, सारी आयुधे धुऊन पुसून पाटावर किंवा जागच्या जागी विराजमान होतात, आणि त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. वर्षभर माणसाच्या हाताखाली राबणारी वस्तू त्या एका दिवशी देव होऊन बसते. आमच्या धर्मातील हा एक मोठा हृद्य सोहळा आहे.

वडगावात खंडेनवमीला आणखी एक अर्थ आहे. सिंदखेडच्या जाधवरावांच्या कुळातील सेनापती धनाजी जाधव यांनी 1708 मध्ये वारणेच्या या परिसरात देह ठेवला. त्यांची समाधी आमच्या गावी आहे. ज्यांच्या नावाने मोगलांची घोडी पाणी प्यायला बिचकत असे म्हणतात, त्यांची तलवार जेथे विसावली, तेथेच पुढे आठवडी बाजार फुलला आणि गावाच्या नावामागे ‘पेठ’ हा शब्द सन्मानाने बसला. तलवारीनंतर तराजू आला. शस्त्राचे शांत होणे आणि हत्याराचे कामास लागणे, ही या भूमीची जुनी रीत आहे. म्हणूनच आजच्या दिवशी एका अशा कुळाची वंशकथा वाचकांपुढे ठेवावीशी वाटते, की ज्याच्या भट्टीत खरोखरीच तोफ वितळली आणि तिचा नांगर झाला. ते कुळ म्हणजे किर्लोस्करांचे.

वंश आणि वंशानुचरित

पुराणाची जी पाच लक्षणे सांगितली आहेत, त्यांत ‘वंश’ आणि ‘वंशानुचरित’ अशी दोन निरनिराळी लक्षणे आहेत. वंश म्हणजे कोणापासून कोण झाला याची परंपरा, आणि वंशानुचरित म्हणजे त्या परंपरेतील पुरुषांनी काय केले याचा वृत्तान्त. आपण पहिल्याची काळजी फार वाहतो. श्राद्धाच्या संकल्पात तीन पिढ्यांची नावे घेतो. तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्यांतून पूर्वजांच्या सह्या शोधतो. आमच्या भागात बैलावर बसून येणारा हेळवी दारात उभा राहून कुळाची पिढीजात नावे घडाघडा म्हणून दाखवी, तेव्हा घरातील लहानथोर ओसरीवर गोळा होत. दुसऱ्या लक्षणाकडे मात्र आपले लक्ष बेताचेच असते. नावे पाठ असतात, चरित्र विसरलेले असते.

किर्लोस्करांचा वंश सांगायचा तर तो कोकणातील किर्लोस या गावापासून सांगावा लागतो. आडनाव तेथले. पुढे घराणे घाट चढून बेळगावकडील गुर्लहोसूर येथे स्थिरावले. याच कुळात 1843 मध्ये बळवंत पांडुरंग जन्मले. तेच अण्णासाहेब किर्लोस्कर. 1880 साली पुण्यात त्यांनी कालिदासाचे शाकुंतल मराठी रंगभूमीवर गाते केले. आम्हा संस्कृत शिकणाऱ्यांवर त्या कुळाचे हे पहिले ऋण. याच गुर्लहोसुरात 20 जून 1869 रोजी काशिनाथपंत या वेदान्ती पंडितांच्या घरी लक्ष्मणरावांचा जन्म झाला.

वेदान्त्याच्या मुलाने वेदान्त शिकावा, ही त्या काळची अपेक्षा. लक्ष्मणरावांचे मन मात्र रंगांत आणि यंत्रांत. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, आणि तेथे कळले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद नीट उमगत नाही. चित्रकार होण्याचे दार मिटले. दुसरा एखादा नशिबाला दोष देत घरी परतला असता. यांनी यांत्रिक आरेखन हाती घेतले, त्यात रंगांची गरज नव्हती, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावला आले.

बेळगावात त्यांचे वडीलबंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, होतेच. दोघा भावांनी 1888 मध्ये सायकलींचे दुकान काढले होते. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली धाडाव्यात आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकाव्यात, असा तो आरंभीचा व्यवहार. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव त्यातूनच आले. कीर्तनकाराला येथे थांबावेसे वाटले तर वाचकांनी क्षमा करावी. थोरला राम आणि धाकटा लक्ष्मण अशी ही जोडी, आणि धाकट्याच्या प्रत्येक साहसामागे थोरल्याने घर, हिशेब आणि माणसे सांभाळलेली! रामायणात लक्ष्मणाने रामाची सेवा केली. या कलियुगातील रामाने लक्ष्मणाचे ऋण फेडले, असे म्हणावे काय?

लोखंड आणि भूमाता

सायकलीच्या दुकानातून कारखाना उभा राहिला. प्रथम कडबा कापण्याची यंत्रे आली, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. आणि येथे आमच्या कुळाची कथा त्यांच्या कुळाच्या कथेला येऊन भिडते.

तो नांगर दोन वर्षे विकला गेला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, भूमातेच्या उदरात लोखंड घालणे हे पाप, असा समज शेतकऱ्यांत होता. हा समज कोणी पसरवला? पुष्कळांनी, आणि त्यांत आमचे पणजोबाही होते. ते या पंचक्रोशीत कीर्तने करीत. आजोबा सांगत की, नवरात्रातील एका कीर्तनात पणजोबांनी पूर्वरंगातच सीतेची कथा लावली. सीता म्हणजे नांगराची तास. जनकाने भूमी नांगरली तेव्हा ती प्रकटली. त्या भूमीला लोखंडाने चिरणाऱ्याच्या घरी लक्ष्मी कशी राहील, असा त्यांचा सवाल होता. श्रोत्यांनी माना डोलावल्या. शब्द गोड होते, गळा गोड होता, आणि ते सारे चूक होते.

पुढे आजोबांनीच घरी लोखंडी नांगर आणला. आमच्या काळ्या रानात कुंदा आणि हरळी माजली होती. लाकडी नांगर वरची माती खरवडी. मुळ्या खालीच राहत. नवा नांगर खोल जाई आणि माती पालथी घाली, मुळ्या उन्हात उघड्या पडत. खंडेनवमीला तो नांगर अंगणात उभा होता. पूजा करायची पणजोबांनी. ते पंचपात्री हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी शेजारी पडलेला जुना लाकडी नांगर उचलून पाहिला आणि त्याच्या टोकाच्या फाळावर बोट फिरवले.

तो फाळ लोखंडाचाच होता! बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या जो नांगर चालवला, त्याचेही तोंड लोखंडाचेच होते. जमीन कधी विटाळली नव्हती, कधी विषारी झाली नव्हती. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात क्षेत्रपतीचे सूक्त आहे. त्यात नांगराचे, बैलांचे, फाळाचे आणि सीतेचे मंगल गायिले आहे. निषेधाचा एक शब्दही नाही. पणजोबांना ते सूक्त मुखोद्गत होते. मुखोद्गत होते, पण त्यांनी ते विचारात घेतले नव्हते.

त्यांनी नव्या नांगराला हळदकुंकू वाहिले. दुसऱ्या वर्षी त्याच मंदिरात, त्याच श्रोत्यांपुढे उभे राहून ते म्हणाले, “मागे मी जे सांगितले ते शास्त्रात नाही. ते माझे होते. शास्त्राच्या नावावर मी खपवले.” आजोबा म्हणत, घराण्यातले सर्वांत मोठे कीर्तन ते. त्याला टाळमृदंग नव्हते आणि ते अर्ध्या घटकेत संपले.

निवडुंगाच्या माळावर

इकडे बेळगावची जागा भावांना सोडावी लागली. गावाच्या वाढीसाठी ती हवी होती. कारखाना उचलायचा, तर न्यायचा कोठे? तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि भांडवलाची निकडही भागवली. 1910 सालची ही गोष्ट. माळ कसला, निवडुंगाचे रान. पाणी नाही, सावली नाही, सापांचा सुळसुळाट. तेथे किर्लोस्करवाडी वसली आणि कालांतराने स्टेशननेही तेच नाव धारण केले.

बाळासाहेब पंत हे स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रवर्तक आणि रसाळ कीर्तनकारही होते. एका कीर्तनकाराने लोखंडाला शाप दिला होता. दुसऱ्या कीर्तनकाराने लोखंडाला भूमी दिली. आमच्या पेशाची लाज राखली ती त्या राजाने.

वस्तीची राखण ज्यांच्याकडे दिली त्यांत शिक्षा भोगून आलेली माणसेही होती. अस्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता. शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, पाण्याचे पंप असे एकेक काम वाढत गेले. पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशचे लोखंड येईनासे झाले. भट्टी विझण्याची वेळ आली. त्या वेळी राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या, निकामी तोफा नांगरांसाठी दिल्या.

वाचकहो, डोळे मिटून ते दृश्य पाहावे. बलरामाला आपण हलायुध म्हणतो. त्याने नांगराचे शस्त्र केले. येथे छत्रपतींनी शस्त्राचा नांगर केला. जी तोफ एकेकाळी गडाच्या बुरुजावरून आग ओकत होती, ती ढेकळांत उतरली आणि तिच्यातून जोंधळा उगवला. खंडेनवमीचा याहून सार्थ अर्थ मला तरी कोठे सापडला नाही.

मतभेदाचा हिशेब

येथवर सारे गोड आहे. आता जे कडू, तेही सांगितले पाहिजे. या कुळाने आम्हा सनातनी मंडळींना सुखाने बसू दिले नाही. रामूअण्णा व लक्ष्मणराव यांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे शंवाकि, यांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून गाजले. रूढी, बुवाबाजी, सोवळेओवळे यांवर त्या पानांतून कोरडे उठत. आमच्या घरी ते मासिक देवघराच्या खोलीत नेण्यास बंदी होती. ओसरीवर मात्र ते सगळे वाचीत, पणजोबासुद्धा.

आजही त्यातील प्रत्येक मत मला पटते असे नाही. मी रोज संध्या करतो, देवीपुढे उभा राहतो आणि मला त्याचा संकोच नाही. तरीही एक प्रश्न मला सुटत नाही. निवडुंगाच्या माळावर पाणी आणणाऱ्याला, शिक्षा भोगलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या देणाऱ्याला, भाऊ भावाशी कसा वागतो हे दाखवणाऱ्याला नास्तिक म्हणावे, आणि चुकीचे शास्त्र गोड गळ्याने सांगणाऱ्याला आस्तिक म्हणावे काय? पणजोबांनी आपल्यापुरते उत्तर दिले होते. ते मी जन्मभर शिकतो आहे.

1948 च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही होरपळला; तो पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा उद्योग उभारला होता. ते इंजिन आमच्या पट्ट्यात आले तेव्हा मोटेची बैलजोडी सुटली आणि गुऱ्हाळावर गोल गोल फिरून थकणाऱ्या बैलांनाही विसावा मिळाला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 साली, सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. पुढे पिढ्या वाढल्या, शाखा फुटल्या. मोठ्या कुळात मतभेद होतात, तेही या कुळाला चुकले नाहीत. किर्लोस्करवाडीत मात्र आजही पंप तयार होतात.

सीमोल्लंघन

उद्या विजयादशमी. सूर्यास्ताच्या वेळी कोल्हापूरच्या दसरा चौकात शाही सोहळ्याने सोने लुटले जाईल, आणि आमच्या वडगावातही आपट्याची पाने हातोहात जातील. सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. एका कुळाने कोकणची वेस ओलांडली, वेदान्ताच्या पाठशाळेची ओलांडली, रंग न दिसणाऱ्या डोळ्यांची ओलांडली. आणि त्याच काळात एका कीर्तनकाराने आपल्या चुकीची वेस ओलांडली. दोन्ही सीमोल्लंघनेच.

तेव्हा आज पूजेच्या पाटावर हत्यारे मांडताना घरातील मुलांना शेजारी बसवावे. हे हत्यार घरात कोणी आणले, कधी आणले, त्या वेळी घरातून कोणी विरोध केला आणि तो कसा निवळला, हे त्यांना सांगावे. आजोबा-पणजोबांची नावे तर सांगावीतच. त्याबरोबर त्यांनी काय केले आणि कोठे चुकले, तेही सांगावे. मग त्या वंशावळीचे वंशानुचरित होईल.

आमच्या घरचा तो लोखंडी नांगर आता रानात जात नाही. तो अंगणात, तुळशीवृंदावनापाशी उभा असतो. त्याच्याजवळच लाकडी नांगराचा जुना फाळ ठेवला आहे. पणजोबांची तशी आज्ञा होती. खंडेनवमीला हळदकुंकू दोघांनाही लागते, आणि पहिले बोट जुन्या फाळाला.