पुण्याहून उडालेली बॉम्बर विमानं आणि राहून गेलेला सिनेमा

वायुदलावरचा हिंदी चित्रपट म्हटला की पडद्यावर एकटा वैमानिक येतो. 'बॉर्डर'मधला जॅकी श्रॉफ हंटर विमानात एकटा असतो. 'विजेता'मधला अंगद मिग-२१ मध्ये एकटा असतो. १९६५ च्या सरगोधा हल्ल्यावर बेतलेल्या 'स्काय फोर्स'मधले वैमानिकही आपापल्या विमानात एकेकटेच असतात. शेवगावातल्या एखाद्या मुलाने हे सगळे चित्रपट मोबाइलवर पाहिले, तर हवाई युद्ध म्हणजे एकट्याच्या हिमतीचा मामला अशी त्याची पक्की समजूत होईल. पण शेवगावहून एसटीने अर्ध्या दिवसात गाठता येणाऱ्या पुण्यात, लोहगावच्या धावपट्टीवरून, कित्येक वर्षं वेगळ्याच जातीची विमानं उडत होती. त्यांत एकट्याचं काही चालत नसे.

ही बॉम्बर विमानं. भारताने १९५७ साली ब्रिटनकडून कॅनबेरा घेण्याचा करार केला. त्या विमानाच्या रचनेतच एक कथा दडलेली आहे. वैमानिक वर, डाव्या बाजूला सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली बसायचा. नेव्हिगेटर खाली, विमानाच्या नाकाडात. वाट काढणं, वेळेचा हिशेब ठेवणं आणि लक्ष्य जवळ आलं की काचेच्या नाकात पालथं पडून बॉम्बचा नेम साधणं, ही त्याची कामं. विमानाला काही झालं तर वैमानिकाला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट होती. नेव्हिगेटरला ती नव्हती. त्याने बाजूच्या दारापर्यंत पोहोचायचं आणि पॅराशूट घेऊन उडी टाकायची. जमिनीलगत उडणाऱ्या विमानात त्यासाठी किती क्षण मिळणार, हे दोघांनाही उड्डाणाआधीच ठाऊक असे. तरीही दोघं त्याच विमानात चढत.

जगातलं बॉम्बर विमानांवरचं चांगलं लेखन अशाच जागांवरून उगवलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या लँकॅस्टरमध्ये सात माणसं असत आणि अमेरिकेच्या बी-१७ मध्ये दहा. वैमानिक, नेव्हिगेटर, बॉम्बचा नेम धरणारा, रेडिओ सांभाळणारा, शेपटीत थंडीने गोठत बसलेला गनर. एकाची चूक सगळ्यांच्या जिवावर बेतायची. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधून सुमारे सव्वा लाख माणसं उडाली आणि त्यांतली ५५,५७३ मेली. यातली बहुसंख्य विशी-बाविशीची पोरं होती. त्याच बॉम्बर कमांडमध्ये शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हेही नेव्हिगेटर होते. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. हे नाव मराठी घरांत माहीत असायला हवं होतं.

बॉम्बर मोहिमांवरची कितीतरी पुस्तकं हे सगळं स्वतः भोगलेल्यांनी लिहिली. जोसेफ हेलर कॉर्सिका बेटावरून बी-२५ विमानातून साठ मोहिमांवर गेला. त्याचं काम बॉम्बचा नेम धरण्याचं. १९६१ साली आलेल्या त्याच्या 'कॅच-२२' मध्ये मोहिमांचा ठरलेला आकडा गाठत आला की वरिष्ठ तो वाढवतात. या कादंबरीवर १९७० साली चित्रपट झाला आणि २०१९ साली मालिका. कादंबरी काळाचे तुकडे उलटसुलट मांडते. विमानाच्या मागच्या भागात जखमी होऊन पडलेला स्नोडेन वाचकाला पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा अधिक दिसतो. चित्रपटाने ही युक्ती उचलली आणि ती त्याला साधलीही. मालिकेने मात्र घटना सरळ ओळीत लावल्या. गोष्ट समजायला सोपी झाली, पण वाचताना जो हळूहळू गळा आवळला जातो, तो अनुभव विरला.

बर्न ले आणि साय बार्टलेट हे दोघं अमेरिकेच्या आठव्या वायुदलात होते. त्यांच्या १९४८ च्या कादंबरीवर पुढच्याच वर्षी 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' हा चित्रपट आला. खचलेल्या तुकडीला कठोरपणे उभं करणारा सेनापती शेवटी स्वतःच आतून मोडतो. ग्रेगरी पेकने तो रंगवला आहे. लढाईची दृश्यं त्यात थोडीच आहेत, बराचसा चित्रपट जमिनीवर घडतो, आणि तरी या प्रकारातला तो सर्वांत प्रामाणिक चित्रपट वाटतो.

'द डॅम बस्टर्स'ची गोष्ट मराठी माणसाने जरा थांबून पाहावी अशी आहे. १६ मे १९४३ च्या रात्री एकोणीस लँकॅस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. त्यांचा नेता गाय गिब्सन याचा जन्म आपल्याच सिमल्याचा. बार्न्स वॉलिसने पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब तयार केला होता. मोहने आणि एडर ही दोन धरणं फुटली. आठ विमानं परतली नाहीत, १३३ जणांपैकी ५३ मारले गेले. पॉल ब्रिकहिलचं पुस्तक १९५१ साली आलं आणि मायकेल अँडरसनचा चित्रपट १९५५ साली. चित्रपट तांत्रिक करामतीत आणि वैमानिकांच्या मरणात रमतो. पाण्याखाली गेलेली माणसं त्यात जवळपास नाहीतच. ती तेराशेच्या आसपास होती, आणि त्यांतल्या मोठ्या संख्येने जबरदस्तीने कामाला आणलेल्या परदेशी बायका होत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याने काय पाहिलं, हे आपल्याला ठाऊक आहे. शेवगाव तालुक्याच्या उत्तर कडेला नाथसागराचं पाणी पसरलेलं आहे. तिथल्या लोकांना धरणामागे किती पाणी उभं असतं हे कुणी समजावून सांगायला नको. त्यांनी हा चित्रपट पाहिला तर त्यांचं लक्ष विमानांकडे कमी आणि धरणाखालच्या गावांकडे जास्त जाईल.

ही कमतरता एका लेखकाने भरून काढली. लेन डेटन याची 'बॉम्बर' ही १९७० ची कादंबरी एकाच हल्ल्याचा एक दिवस सांगते. वर उडणारे इंग्रज, त्यांना पाडायला निघालेले जर्मन वैमानिक, आणि नेम चुकल्याने ज्या छोट्या गावावर बॉम्ब पडतात ते गाव, असं सगळं तिच्यात आहे. १९९५ साली बीबीसीने तिचं नभोनाट्य केलं आणि ते दिवसभरात, कथेतल्या घड्याळाबरहुकूम, तुकड्या-तुकड्यांनी प्रसारित केलं. ऐकणारा सकाळी नाश्ता करताना त्या माणसांना भेटे, आणि रात्र होईपर्यंत त्यांतले अनेक गेलेले असत. मोठं बजेट लागलं नाही आणि खोटी आगही लागली नाही.

अलीकडची 'मास्टर्स ऑफ द एअर' ही नऊ भागांची मालिका डोनाल्ड मिलर यांच्या पुस्तकावर आधारली आहे. तिचा निवेदक कोण, तर हॅरी क्रॉस्बी, विमानात मळमळीने हैराण होणारा नेव्हिगेटर. ही निवड फार चांगली आहे. १० ऑक्टोबर १९४३ रोजी म्युन्स्टरवर गेलेल्या त्याच्या तुकडीच्या तेरा विमानांपैकी एकच परतलं. इतका मोठा आघात सांगायला नकाशावर पेन्सिल धरून बसलेला माणूसच हवा होता.

आता पुन्हा लोहगावकडे येऊ. महायुद्ध संपल्यावर दोस्तांच्या फौजांनी बी-२४ लिबरेटर विमानं कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. भारताने ती भंगारातून उचलली. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती जेमतेम उडण्याजोगी झाल्यावर बंगळूरला नेली, आणि तिथे ती नव्याने उभी राहिली. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या सहाव्या स्क्वाड्रनकडे ही विमानं १९६८ च्या अखेरीपर्यंत होती आणि त्यांचा पुण्याशी दीर्घ संबंध राहिला. आज ब्रिटन-अमेरिकेच्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर उरली आहेत, त्यांतली बरीचशी भारतीय वायुदलातून गेलेली आहेत. लॉरा हिलेनब्रँडच्या 'अनब्रोकन'चा नायक लुई झाम्पेरिनी अशाच लिबरेटरमधून समुद्रात कोसळला आणि ४७ दिवस तराफ्यावर तरंगत राहिला. अँजेलिना जोलीने २०१४ साली त्यावर चित्रपट काढला.

आणि मग गोव्यातला डाबोळी विमानतळ. १८ डिसेंबर १९६१ ला गोवामुक्तीच्या मोहिमेत पुण्याहून बारा कॅनबेरा निघाली. नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांचं होतं. काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब धावपट्टीवर पडले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्याबरोबर आणखी आठ विमानं आली. धावपट्टी निकामी करा, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नका, असा आदेश होता आणि तो पाळला गेला. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं शाबूत राहिली. रात्री कामगारांनी धावपट्टीचा थोडा भाग घाईने दुरुस्त केला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या बायका-मुलांना घेऊन त्यांतलं सुपर कॉन्स्टेलेशन जेमतेम सातशे मीटरमध्ये उडालं. त्यासाठी जादा खुर्च्याही काढून फेकल्या होत्या. उडालेल्या खडीने विमानाला पंचवीस भोकं पडली, एक टायर फुटला, तरी अंधारात अगदी खालून उडत ते कराचीला पोहोचलं. दुसरं विमानही तसंच निसटलं.

बॉम्ब टाकणाऱ्याला संयमाचा हुकूम, आणि खाली जीव मुठीत धरून बसलेली शत्रूपक्षाची मुलं. पटकथाकाराला याहून अधिक काय हवं? ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६९ साली 'सात हिंदुस्तानी'त गोव्याचा लढा दाखवला, पण त्यांचे नायक सत्याग्रही होते. 'विजेता'ची पटकथा तर दिलीप चित्रे यांची आणि अंगदची आई मराठी. पण त्या चित्रपटाचं आकाश लढाऊ विमानांचं आहे.

विंग कमांडर पद्मनाभ गौतम यांना कॅनबेरातून केलेल्या हल्ल्यांसाठी १९६५ मध्ये महावीर चक्र मिळालं आणि १९७१ मध्ये तेच पुन्हा मिळालं. दोनदा हा मान मिळालेले अधिकारी बोटांवर मोजण्याइतके. २५ नोव्हेंबर १९७२ ला पुण्यात मिग-२१ च्या अपघातात ते गेले. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी १९६५ च्या हवाई युद्धावर इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं आहे. कॅनबेराच्या रात्रीच्या हल्ल्यांची हकीकत त्यात सापडते. मराठीत मात्र पत्रकारांनी आता तातडीने टेपरेकॉर्डर घेऊन बाहेर पडायला हवं. कॅनबेरा २००७ साली निवृत्त झालं, त्यामुळे त्याच्या नाकाडात बसलेले शेवटच्या पिढीचे नेव्हिगेटर अजून आपल्यात आहेत. डाबोळीला गेलेल्यांचं वय मात्र आता ऐंशीच्या बरंच पुढे आहे.