युद्ध दूरचं, लाईन चाकणची

जुलै 2025 मध्ये बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी ‘चेतक’ या ई-स्कूटरच्या ऑगस्टमधल्या उत्पादनाचा आकडा शून्यावर येऊ शकतो, असं सांगितलं. आकुर्डीत संप नव्हता आणि गिऱ्हाईकही आटलं नव्हतं. घोडं अडलं होतं मोटरमधल्या चुंबकापाशी. बंद पडलेलं उत्पादन 20 ऑगस्टला पुन्हा सुरू झालं.

आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरच्या व्याख्यानात सीमा, क्षेपणास्त्रं आणि अण्वस्त्रं येतातच. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात नोकरी करणाऱ्या तरुणाला हे धोके बहुतेक वेळा तीन ठिकाणी गाठतात : सुटा भाग, कंटेनर आणि लॉगिन. तिन्हींचा हिशोब मांडून पाहू.

540 टन

अमेरिकेने आयातशुल्क वाढवल्यावर 4 एप्रिल 2025 रोजी चीनने 7 दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं आणि त्यांपासून बनणारी चुंबकं यांच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. जगातली सुमारे 90 टक्के अशी चुंबकं चीनमध्येच तयार होतात. हीच चुंबकं शस्त्रास्त्रांतही लागतात, म्हणून आपला माल लष्करी वापरासाठी नाही, हे इथल्या कंपन्यांना लिहून द्यावं लागलं. भांडण दोन महासत्तांचं आणि कागदपत्रांसाठी धावाधाव पुणे जिल्ह्यात, अशी गत झाली.

क्रिसिल या पतमानांकन संस्थेच्या अंदाजानुसार भारताने 2024-25 मध्ये सुमारे 540 टन चुंबकं आयात केली आणि त्यांतली 80 टक्क्यांहून अधिक चीनमधून आली. 20 टनी ट्रक धरला तर हा वर्षाचा माल 27 ट्रकांत मावतो. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी कोंडीत याहून जास्त ट्रक उभे असतात. वाहनाच्या एकूण किमतीत चुंबकाचा वाटा 5 टक्क्यांच्याही आत आहे, तरी त्याच्यावाचून लाईन उभी राहते.

भारताच्या जमिनीत दुर्मिळ मृदेचा साठा सुमारे 69 लाख टन आहे आणि साठ्यात आपण जगात तिसरे आहोत. खनिजापासून चुंबकापर्यंतची कारखानदारी मात्र उभी राहिली नाही. त्यासाठी 7,280 कोटी रुपयांची, वर्षाला 6,000 टन क्षमतेची योजना केंद्राने मंजूर केली ती 26 नोव्हेंबर 2025 रोजी, म्हणजे झळ बसल्यावर.

14 दिवस

19 नोव्हेंबर 2023 रोजी येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं. ते तुर्कस्तानातून गुजरातच्या पिपावाव बंदराकडे निघालं होतं. पुढे हल्ले वाढले, तशी बहुतेक मोठ्या कंपन्यांची कंटेनर जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. न्हावा-शेवाहून युरोपला जाणाऱ्या मालाचे साधारण 10 ते 14 दिवस वाढले.

वाहनांच्या सुट्या भागांची भारताची निर्यात 2023-24 मध्ये 21.2 अब्ज डॉलर होती आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश माल युरोपात गेला. आता भोसरीतला एखादा लघुउद्योजक महिन्याला 1 कोटीचा माल युरोपला पाठवतो असं समजा. पैसे माल पोचल्यावर मिळणार असतील, तर 14 दिवसांच्या उशिराने त्याचे सुमारे 47 लाख रुपये कायमचे वाटेत अडकून राहतात. 10 टक्के व्याजाने वर्षाचा भुर्दंड 4 लाख 70 हजारांच्या आसपास. वाढलेलं जहाजभाडं वेगळंच.

2 तास 13 मिनिटं

शनिवार, 11 ऑगस्ट 2018. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा हॅक करून बनावट कार्डांच्या आधारे 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी आणि भारतातून अडीच कोटी काढले गेले. हा सारा खेळ 2 तास 13 मिनिटांचा. सोमवारी आणखी 13.92 कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण 94.42 कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने या चोरीचा धागा उत्तर कोरियाशी जोडला.

कारखान्यावर असा हल्ला झाला तर काय होतं, हे 2025 च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचं ब्रिटनमधलं उत्पादन सायबर हल्ल्यामुळे पाच आठवडे ठप्प झालं. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने ब्रिटनचं नुकसान 1.9 अब्ज पौंड धरलं, म्हणजे सुमारे 22 हजार कोटी रुपये. झळ बसलेल्या संस्था 5,000 हून अधिक, आणि त्यांत छोट्या पुरवठादारांचा भरणा होता. घाव एका कंपनीवर पडला, पण ऑर्डर थांबल्या त्या साखळीतल्या सगळ्यांच्या.

लॉगिन चोरायला दर वेळी हॅकर लागतोच असंही नाही, गोड बोलणंही पुरतं. मे 2023 मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने पुण्यातल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना अटक केली. समाजमाध्यमावर ओळख झालेल्या पाकिस्तानी हस्तकाला गोपनीय माहिती दिली, असा त्यांच्यावर आरोप आहे. इतक्या वरच्या पदावरच्या माणसाभोवती जाळं टाकलं जात असेल, तर नोकरीचं आमिष दाखवून ड्रॉइंग मागणाऱ्या अनोळखी प्रोफाइलकडे डिझाइन विभागातल्या नवख्या इंजिनिअरने सावधपणेच पाहायला हवं.

काय करता येईल?

चीनचं धोरण किंवा हुथींची क्षेपणास्त्रं चाकणहून थांबवता येणार नाहीत. पण परचेसमध्ये असाल तर एकाच देशातून येणाऱ्या भागांची यादी करा आणि प्रत्येकाचा किती दिवसांचा साठा आहे ते लिहा. डिस्पॅच पाहत असाल तर वाढीव भाडं कोणी सोसायचं, हे करारात आहे का ते तपासा. संगणकाशी काम असेल तर बॅकअप घेतलाय यावर समाधान मानू नका, तो परत चालू करून बघा. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं 2022 च्या आदेशाने बंधनकारक आहे. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. आणि सुरक्षेवरच्या पुढच्या व्याख्यानाला गेलात, तर वक्त्याला आपल्या कारखान्याचे आकडे सांगून प्रश्न विचारा.