तापलेलं इंजिन, उकळलेलं पेट्रोल

अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या ऑरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी विमानांचे सुटे भाग पेट्यांत भरून विकते. ते घेऊन हौशी माणसं गॅरेजमध्ये विमान बांधतात आणि उडवतात. आरव्ही मालिकेतली अशी ११ हजारांहून जास्त विमानं आजवर हवेत गेली आहेत. आपल्याकडे हा छंद विरळा असला तरी अगदीच अनोळखी नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मुंबईकरांनी पाहिलं होतं.

आरव्ही विमानांत सर्रास दिसणारं एक इंजिन म्हणजे लायकमिंगचं चार सिलिंडरचं, फ्युएल इंजेक्शनचं आयओ-३६०. उड्डाणशाळांमधल्या सेसना १७२ एसमध्येही याच घराण्यातलं इंजिन असतं, त्यामुळे पुढचं सगळं विमान शिकणाऱ्या मुलामुलींच्याही कामाचं आहे. हे इंजिन सकाळी गार असताना मुकाट सुरू होतं. मग तासभर उडून, चहापाण्याला थांबून परत आलं की तेच इंजिन नुसतं फिरत राहतं, पेट घेत नाही. यावर हँगरांमध्ये जे सल्ले दिले जातात, त्यांतले निम्मे चुकीचे असतात आणि उरलेले भलत्याच इंजिनाचे असतात. सुरू करण्याआधी एकच गोष्ट ठरवावी लागते: पेट्रोल या क्षणी कुठे आहे, आणि ते द्रव आहे की वाफ? हे ठरलं की कृती आपोआप ठरते.

“इंजेक्शन आहे म्हणजे गाडीसारखंच. कॉम्प्युटर बघून घेईल.”

इथे कॉम्प्युटर नाही. आयओ-३६० वर बहुधा बेंडिक्स पद्धतीचा सर्व्हो असतो. त्यात पातळ पडदे आणि झडपा असतात. आत येणाऱ्या हवेचा दाब आणि पेट्रोलचा दाब एकमेकांशी तोलून तो किती पेट्रोल सोडायचं हे ठरवतो. त्याला वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. तिथून पेट्रोल इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या फ्लो डिव्हायडरमध्ये जातं आणि स्टीलच्या बारीक नळ्यांमधून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलपर्यंत पोचतं. नोझल इनटेक व्हॉल्व्हच्या अलीकडे पेट्रोल सोडतं, थेट सिलिंडरमध्ये नाही.

गाडीतलं इंजेक्शन इंजिन फिरेल तसं, मोजून फवारतं. इथे धार अखंड असते. बूस्ट पंप (विजेवरचा जोडपंप) चालू, पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा दांडा पुढे आणि थ्रॉटल थोडं उघडं, एवढं झालं की प्रोपेलर स्थिर असला तरी पेट्रोल इनटेकमध्ये ओतलं जातं. म्हणूनच गार इंजिनाला पेट्रोल पाजण्याची वेळ सेकंदांत मोजतात. थ्रॉटल किंचित उघडं, मिक्श्चर पूर्ण पुढे, बूस्ट पंप चालू. फ्लोचा काटा हलल्यावर काही सेकंदांतच मिक्श्चर मागे ओढून बंद. मग स्टार्टर, आणि इंजिनाने पेट घेतला की मिक्श्चर सावकाश पुढे. नेमके सेकंद किती, हे त्या त्या विमानाच्या पुस्तिकेतून आणि हवेच्या तापमानावरून ठरतं.

याला अपवाद आहेत. ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीचं २०१२ साली आलेलं ९१२ आयएस खरोखरच इलेक्ट्रॉनिक आहे. त्यात मिक्श्चरचा दांडाच नाही आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जात राहतं. काही बांधणारे लायकमिंगवरही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवतात. ती इंजिनं तापलेली असतानाही सहज सुरू होतात, पण मग पेट्रोलचा पंपसुद्धा विजेवर अवलंबून असतो. दुसरा पंप आणि राखीव बॅटरी ही तिथे चैन नव्हे, गरज आहे.

“इंजिन बंद केलं की ते थंड व्हायला लागतं.”

सगळी गुंतागुंत इथेच आहे. उडताना इंजिनाच्या आवरणातून, म्हणजे काउलिंगमधून, हवेचा झोत वाहत असतो. इंजिन बंद होताच झोत थांबतो, पण सिलिंडरांची डोकी अजून शंभर अंशांच्या बरीच वर असतात. ती उष्णता वर चढते आणि वरच फ्लो डिव्हायडर आणि त्या बारीक नळ्या असतात. म्हणजे सिलिंडर थंड होत असताना पेट्रोलच्या नळ्या मात्र तापत जातात. उतरल्यावर पाच मिनिटांत पुन्हा सुरू केलेलं इंजिन सहसा कुरकुर करत नाही. साधारण वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा काळ सर्वांत अवघड. त्यानंतर हळूहळू गार इंजिनाचेच नियम पुन्हा लागू होतात.

विमानाच्या पेट्रोलचं, म्हणजे एव्हगॅस १०० एलएलचं मानक असं की त्यातला किमान दहावा हिस्सा ७५ अंश सेल्सियसपर्यंत उकळून निघालाच पाहिजे, आणि निम्मा १०५ अंशांपर्यंत. गार हवेत इंजिन पेटावं म्हणून हलके घटक मुद्दाम ठेवलेले असतात. तेच घटक तापलेल्या नळीत आधी उकळतात. रोटॅक्सच्या किंवा गाडीच्या नळीत सुमारे तीन बारचा दाब असतो, आणि प्रेशर कुकरमधल्या पाण्याप्रमाणे दाबाखालचं पेट्रोल जास्त तापमानापर्यंत द्रव राहतं. बंद इंजिनाच्या नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांत असा दाब नसतो. तिथलं पेट्रोल उकळतं, फुगतं आणि नोझलमधून इनटेकमध्ये ढकललं जातं.

परिणाम दुहेरी होतो: इनटेकमध्ये पेट्रोल गरजेपेक्षा जास्त, आणि नळ्यांमध्ये फक्त वाफ. म्हणून तापलेलं इंजिन आधी दोनचार ठिणग्यांवर भुर्रकन पेटतं आणि लगेच मरतं. पेटतं ते इनटेकमधल्या शिल्लक वाफेवर, आणि मरतं ते नळीतून द्रव पेट्रोल आलं नाही म्हणून.

घरी विमान बांधणाऱ्याच्या हातात इथे बरंच काही असतं. इंजिनावरच्या पंपाला हवेची छोटी नळी देणं, पेट्रोलच्या नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टण चढवणं, फ्लो डिव्हायडरजवळून पेट्रोल टाकीत परत नेणारा पर्ज व्हॉल्व्ह बसवणं, हे बांधतानाच करता येतं. उतरल्यावर विमानाचं नाक वाऱ्याकडे करून उभं करणं आणि ऑइल तपासायची वरची झडप उघडी ठेवणं, याला तर काहीच खर्च नाही.

“सुरू होत नाही, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. अजून पंप मारा.”

हा गैरसमज सर्वांत धोक्याचा. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ती पेटते. कमी असेल तर पेटत नाही आणि जास्त असेल तरीही पेटत नाही. कानाला दोन्हींचा आवाज एकच: इंजिन नुसतं फिरतंय.

म्हणून तापलेल्या लायकमिंगची पहिली रीत अशी असते: मिक्श्चर बंद, थ्रॉटल थोडंसं उघडं, पंप नाही, थेट स्टार्टर. पेट घेताच मिक्श्चर पुढे, आणि गरज वाटली तर तेव्हाच बूस्ट पंप.

पुष्कळ आरव्हीवाले उलट वाटेने जातात आणि त्यांचा तर्क मला पटतो. इनटेकमध्ये किती पेट्रोल आहे हे कळत नसेल तर ते जास्त आहे असं स्वतःच करून टाकायचं. पंपाने गार पेट्रोल नळ्यांत भरायचं आणि मग पूर ओसरवायची रीत वापरायची: मिक्श्चर बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं, स्टार्टर. हवा आत येत जाते, मिश्रण पातळ होत जातं आणि पेटण्याच्या पट्ट्यातून जाताना इंजिन धरतं. त्या क्षणी थ्रॉटल मागे आणि मिक्श्चर पुढे आलंच पाहिजे. हात चुकला तर इंजिन एकदम वरच्या वेगाने फिरतं आणि विमान पुढे झेपावतं. ब्रेक दाबलेले नसतील आणि समोर माणूस असेल, तर पुढचं बोलायला नको.

इनटेकमध्ये साचलेल्या पेट्रोलने पेट घेतला तर स्टार्टर सोडू नका. मिक्श्चर बंद, थ्रॉटल उघडं आणि इंजिन फिरवत राहायचं, म्हणजे ज्वाळा आत ओढली जाते. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून आधीच घोकून ठेवायला हवं. तरीही आग थांबली नाही तर पेट्रोल आणि वीज तोडून बाहेर पडायचं.

“मित्राच्या विमानात ही युक्ती हमखास चालते.”

मित्राचं इंजिन कोणतं, ते आधी विचारा. लँकेअर लेगसीसारख्या घरबांधणीच्या विमानात कॉन्टिनेंटलचं आयओ-५५० असतं. त्याच्या पंपाकडून टाकीकडे वाफ आणि पेट्रोल परत नेणारी नळी असते. त्यामुळे मिक्श्चर बंद ठेवून काही वेळ बूस्ट पंप चालवला की गार पेट्रोल पंपातून फिरून टाकीत जातं, पंप थंड होतो आणि सिलिंडरकडे थेंबही जात नाही. कॉन्टिनेंटलवाल्यांची ही उत्तम रीत आहे.

परतीची नळी नसलेल्या लायकमिंगवर हीच कृती केली तर काहीच घडत नाही. पेट्रोल सर्व्होपाशी येऊन थांबतं, कारण पुढचा रस्ता बंद आणि मागचा रस्ता नाहीच. वैतागून मिक्श्चर पुढे केलं की इनटेकमध्ये पूर.

“फ्लोचा काटा वर आहे, म्हणजे पेट्रोल भरपूर जातंय.”

काटा काय मोजतो त्यावर आहे. जुन्या पद्धतीचा मीटर खरं तर फ्लो डिव्हायडरजवळचा दाब मोजतो आणि त्यावरून फ्लो दाखवतो. नोझल चोंदलं किंवा नळीत वाफ झाली की दाब वाढतो, पेट्रोल कमी जातं आणि काटा मात्र वर चढतो. नव्या विमानांतलं फिरत्या चक्राचं सेन्सर अशी फसवणूक करत नाही, पण बुडबुड्यांनी तेही थरथरतं.

“गार इंजिनाला फक्त जास्त पेट्रोल लागतं.”

नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेला हे पुरेसं खरं आहे. कॅनडात किंवा मिनेसोटात राहून उडणाऱ्यांना पुरेसं नाही. लायकमिंग बहुतेक इंजिनांसाठी उणे १२ अंशांखाली आधी इंजिन तापवायला सांगते, कॉन्टिनेंटल सुमारे उणे ७ पासून. कारण पेट्रोल नाही, धातू आहे. क्रँककेस ॲल्युमिनियमची आणि क्रँकशाफ्ट स्टीलचा. थंडीत ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट आकसतं, बेअरिंगमधली जागा घटते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झालेलं असतं. सिलिंडरवर थोडा वेळ गरम हवा मारून इंजिन सुरू होईलही, पण खालचं ऑइल थिजलेलंच राहील. सगळं इंजिन तापायला हवं. सुरू झाल्यावर ३० सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर बंद करायचं.

“सुरू झालं, आता निघू या.”

तापलेलं इंजिन सुरू होतं तेव्हा नळ्यांतली सगळी वाफ गेलेली नसते. सावकाश फिरणाऱ्या इंजिनातून पेट्रोल थोडंच वाहतं, म्हणून ते आतल्या आत तापत राहतं. घाईने धावपट्टीवर जाऊन थ्रॉटल उघडलं तर इंजिन अडखळेल ते नेमकं चाकं जमिनीवरून उचलल्यावर. मिनिटाला एक हजार ते बाराशे फेऱ्यांवर ते एकसारखं चालतंय, फ्लोचा आकडा स्थिर आहे, आणि उड्डाणाआधीच्या तपासणीत वेग वाढवल्यावर ते गुळगुळीत चढतंय, एवढं पाहायचं. पुस्तिकेत सांगितलं असेल तर बूस्ट पंप चालू ठेवूनच उड्डाण करायचं. थोडंही अडखळलं तर थांबायचं, नाक वाऱ्याकडे करायचं, गार पेट्रोल वाहू द्यायचं आणि तपासणी पहिल्यापासून पुन्हा करायची.